धातुशोध, समुद्रकिनाऱ्यावरील

समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत किंवा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याखाली दडलेल्या धातूच्या वस्तू विद्युत् चुंबकीय उपकरणाच्या साहाय्याने हुडकून काढण्याच्या क्रियेला समुद्रकिनाऱ्यावरील धातुशोध म्हणतात. या उपकरणाला धातुशोधक किंवा मेटल डिटेक्टर असे म्हणतात. हरवलेले दागिने व नाणी शोधणे, किनाऱ्यावर आलेल्या फुटक्या जहाजांचे अवशेष पाहणे, युद्धकाळात पुरलेले सुरुंग काढणे आणि पुरातत्त्वीय सर्वेक्षण करणे हे त्याचे प्रमुख उपयोग होत. शेतात किंवा माळावर समाधानकारक काम देणारे उपकरण ओल्या खाऱ्या वाळूवर नेताच पुष्कळदा निरुपयोगी ठरते. जेथे धातू नाही तेथेही ते वाजू लागते. समुद्राचे पाणी स्वतःच विद्युत् संवाहक असल्याने उपकरणाच्या दृष्टीने संपूर्ण किनारा ही एक अतिशय विस्तृत पण क्षीण अशी धातूची वस्तूच असते. त्यामुळे किनाऱ्यावरील धातुशोधातील खरी अडचण धातूची चाहूल लागण्याची नसून धातू आणि समुद्र यांतील भेद ओळखण्याची आहे. या भेदासाठी योजलेल्या प्रत्येक उपायाची काही ना काही किंमत मोजावी लागते.

इतिहास : धातूच्या सान्निध्यामुळे तारेच्या वेटोळ्याचे विद्युतीय गुणधर्म बदलतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात होते. डेव्हिड एडवर्ड ह्यूझ यांनी १८७९ मध्ये प्रवर्तन तुला या साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. या साधनात वेटोळ्यांची मांडणी अशी समतोल असते की, जवळ धातू नसताना ग्राही वेटोळ्यात आवाज उमटत नाही. धातू जवळ येताच समतोल बिघडतो व दूरध्वनीच्या श्रवणीत ध्वनी ऐकू येतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळ्या झाडण्यात आल्या, तेव्हा शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरील उपकरण वापरून पाहिले. तो प्रयत्न फसला. गोळी अपेक्षेपेक्षा बरीच खोल व शरीराच्या डाव्या बाजूकडे होती, तर शोध मुख्यतः उजव्या बाजूस घेतला गेला. शिवाय रुग्णाच्या बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांमुळेही उपकरणाची दिशाभूल झाली, असे मानले जाते. गारफील्ड यांचा त्याच वर्षी १९ सप्टेंबरला मृत्यू झाला. शोध्य वस्तूपेक्षा तिच्या भोवतालची परिस्थितीच उपकरणाला अधिक फसवते, हा या प्रसंगातला धडा समुद्रकिनाऱ्यावरील धातुशोधालाही तंतोतंत लागू पडतो.

जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेले गेऱ्हार्ट फिशर यांना विमानांसाठीच्या रेडिओ दिशाशोधकांवर काम करीत असताना धातूच्या वस्तू व खनिजयुक्त जमीन यांमुळे दिशादर्शनात चुका होतात, असे आढळले. या दोषाचाच उपयोग करून त्यांनी सुवाह्य धातुशोधक तयार केला व १९३७ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैन्याधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी ब्रिटनमध्ये असताना हाती धरून चालविता येईल असा सुरुंगशोधक विकसित केला. त्यासाठी एकस्व न घेता तो त्यांनी ब्रिटिश सैन्यास दिला. १९४२ मध्ये एल् अलामेन येथील लढाईत वाळवंटातील सुरुंगक्षेत्रे साफ करण्यासाठी हे शोधक वापरण्यात आले. युद्ध संपल्यावर सैन्याला नको असलेले असे शोधक स्वस्त दरात बाजारात आले आणि धातुशोध हा नागरी छंद बनण्यास आरंभ झाला.

त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्याचे आहे. हव्हानाहून स्पेनकडे निघालेला सोन्याचांदीने भरलेला जहाजांचा तांडा ३१ जुलै १७१५ च्या सुमारास या किनाऱ्याजवळ चक्रीवादळात सापडला व बारापैकी अकरा जहाजे बुडाली. विसाव्या शतकाच्या मध्यास सिबॅस्चन गावाजवळ राहणारे किप वॅग्नर यांना वादळानंतर पुळणीवर चांदीची नाणी मिळू लागली. त्यांतील एकाही नाण्यावर १७१५ नंतरचे वर्ष नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी ती कोणत्या जहाजांची असावीत याचा तर्क बांधला. पुढे युद्धानंतर विक्रीस आलेल्या सैनिकी सुरुंगशोधकाच्या साहाय्याने त्यांनी वाचलेल्या खलाशांच्या छावणीची जागा शोधून काढली व तिच्या अनुरोधाने समुद्रातील अवशेषांपर्यंत ते पोहोचले. ही छावणी भरतीरेषेच्या वर, उंच टेकाडांवरील कोरड्या वाळूत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेच उपकरण दोनतीनशे पावले खाली, ओहोटीने ओल्या राहिलेल्या वाळूवर नेले असते, तर त्याला असे यश मिळणे कठीण होते.

तत्त्व : धातुशोधकाच्या दांड्याच्या टोकाशी तबकडीसारख्या आवरणात तारेची वेटोळी बसविलेली असतात. प्रेषक वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह सोडला की, भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आल्यास तिच्यात भोवरा प्रवाह प्रवर्तित होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र ग्राही वेटोळ्यात संकेत उत्पन्न करते. तो विवर्धित करून श्रवणीत ध्वनीच्या रूपाने किंवा दर्शक पडद्यावर अंकांच्या रूपाने मिळतो.

या संकेताची प्रबलता व त्याची कला (मूळ प्रवाहाच्या तुलनेत तो किती मागे पडतो ते मान) अशा दोन गोष्टी उपयुक्त असतात. चांदीच्या जाड नाण्यात भोवरा प्रवाह एकदा सुरू झाला की सहज थांबत नाही. त्यामुळे त्याच्या संकेताची कला एका टोकाला असते. पातळ पत्रा, बारीक साखळी किंवा नाजूक अंगठी यांतील प्रवाह उत्पन्न होताच रोधामुळे विरून जातो. त्यांची कला दुसऱ्या टोकाला असते. लोखंडाच्या बाबतीत भोवरा प्रवाहाखेरीज चुंबकीकरणाचाही परिणाम मिसळतो. कलेतील या फरकावरून वस्तू कोणत्या प्रकारची असावी याचा अंदाज बांधून नको असलेल्या वस्तूंचे संकेत दाबून टाकण्याची सोय उपकरणात केलेली असते. तिला विवेचन म्हणतात. तथापि विवेचनाने धातूची जात कळत नाही, तर वस्तूची संवाहकता, जाडी व आकार यांचा एकत्रित परिणाम तेवढा कळतो. सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी पुष्कळदा एकच अंक दाखवितात.

प्रेषक क्षेत्राची तीव्रता व परत येणारा संकेत हे दोन्ही अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतात. परिणामी लहान वस्तूचा संकेत साधारणपणे अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टाव्या भागावर येतो. जाहिरातींत काहीही म्हटलेले असले, तरी हातातील उपकरणाने एकट्या नाण्याचा शोध वीस-तीस सेंमी.पलीकडे क्वचितच लागतो, याचे कारण हे आहे.

मिठाचा परिणाम : समुद्राच्या पाण्यात सरासरीने दर हजार भागांत सु. ३५ भाग क्षार असतात व त्याची विद्युत् संवाहकता दर मीटरला सु. ५ सीमेन्स इतकी असते. तांब्याची संवाहकता याच एककात सु. ६ कोटी आहे. यावरून समुद्राचे पाणी अगदीच दुर्बल संवाहक वाटेल. परंतु नाणे काही ग्रॅम वजनाचे असते, तर वेटोळ्याखाली येणाऱ्या ओल्या वाळूचे वजन कित्येक किलोग्रॅम भरते. शिवाय नाणे खोल असते आणि वाळू वेटोळ्याला लागूनच असते. त्यामुळे या विस्तृत दुर्बल संवाहकाचा संकेत लहान प्रबळ संवाहकाच्या संकेतावर सहज मात करतो.

खारे पाणी उपकरणाचे क्षेत्र शोषून घेते म्हणून धातू सापडत नाही, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. दहा किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे क्षेत्र समुद्राच्या पाण्यात सु. सव्वादोन मीटर आत गेल्यावर मूळ तीव्रतेच्या ३७ टक्क्यांवर येते; शंभर किलोहर्ट्‌झला हे अंतर सु. ७० सेंमी. असते. शोधाची खोली याहून पुष्कळच कमी असल्याने क्षेत्र वस्तूपर्यंत नीट पोहोचते व परतही येते. अडथळा क्षीणनाचा नसून गोंगाटाचा आहे.

हा गोंगाट स्थिर असता तर तो वजा करणे सोपे होते. तो स्थिर नसतो. वेटोळे चार-पाच सेंमी. वर उचलले गेले, वाळूत पावलाचा खळगा लागला किंवा वाळूतील ओल बदलली की, मिठाचा संकेत लगेच बदलतो आणि उपकरणाच्या लेखी हा बदल म्हणजेच धातू. यामुळे पुळणीचे, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचे, उपकरणाच्या दृष्टीने चार पट्टे पडतात. भरतीरेषेच्या वरील कोरडी वाळू ही जवळजवळ शेतासारखीच; तिथे साधा धातुशोधकही चालतो. भरती व ओहोटी यांच्या रेषांमधील ओली वाळू बेताची त्रासदायक असते. लाटांचे पाणी जेथे चढते व उतरते तो चिंचोळा पट्टा सर्वांत वाईट, कारण तेथे वेटोळ्याखालील पाण्याची जाडी क्षणोक्षणी बदलते. त्यापुढे कमरेइतक्या पाण्यात वेटोळे पूर्ण बुडालेले असले की मात्र सर्व बाजूंनी सारखेच पाणी असल्याने उपकरण पुन्हा बरेचसे शांत होते. नवख्या माणसाला हे उलटे वाटते. पाणी जितके जास्त तितका त्रास जास्त, अशी त्याची अपेक्षा असते.

मुख्य पेच याहून खोलवर आहे. खाऱ्या पाण्यातील भोवरा प्रवाह फार लवकर विरतात. त्यामुळे मिठाच्या संकेताची कला पातळ पत्र्याच्या कलेजवळ येते. नाजूक साखळी, कानातील डूल, पातळ अंगठी यांचीही कला तीच असते. म्हणून मिठाचा संकेत दाबण्यासाठी उपकरण जुळविले की, त्याबरोबर हलक्या सोन्याचा संकेतही दाबला जातो. जाड चांदीचे नाणे या बंदोबस्तातून सुखरूप सुटते, पण ज्या वस्तूसाठी बहुतेक लोक किनाऱ्यावर येतात तीच नेमकी हरवते. हा कोणा एका उत्पादकाच्या उपकरणाचा दोष नसून पदार्थांच्या गुणधर्मांतूनच उद्‌भवणारी मर्यादा आहे.

काळी वाळू : अनेक किनाऱ्यांवरील वाळूत मॅग्नेटाइट, इल्मेनाइट यांसारखी लोहयुक्त जड खनिजे असतात. यांपैकी विशेषतः मॅग्नेटाइट चुंबकीय क्षेत्राने तत्काळ चुंबकित होते. भोवरा प्रवाहांचा त्यात फारसा संबंध नसतो. त्याच्या संकेताची कला मिठाच्या कलेपासून जवळजवळ पाव आवर्तनाने दूर असते. एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या उपकरणात एका वेळी एकच कला शून्यावर आणता येते. मिठाशी जुळवून घ्यावे तर काळी वाळू वाजते, काळ्या वाळूशी जुळवावे तर मीठ वाजते. काळी वाळू व खारे पाणी जेथे एकत्र असतात, ते किनारे म्हणूनच धातुशोधाला सर्वांत कठीण मानले जातात.

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्याचा काही भाग या वर्गात मोडतो. रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवी, मिऱ्या, नेवरे, मालगुंड इ. ठिकाणी पुळणींवर इल्मेनाइटयुक्त वाळूचे साठे आहेत. सह्याद्रीतील बेसाल्ट खडकाची झीज होऊन नद्यांनी आणलेली ही खनिजे लाटांच्या चाळण्याने किनाऱ्यावर साचली आहेत. पावसाळ्यानंतर अशा पुळणींवर दिसणारे काळे पट्टे हे या चाळण्याचेच दृश्य रूप होय. केरळातील चवरा व तमिळनाडूतील मानवलकुरिची येथील साठे याहून प्रसिद्ध असून त्यांचे खनिजासाठी उत्खनन केले जाते.

उपाय : या दुहेरी अडचणीवर दोन निरनिराळ्या मार्गांनी तोडगे काढण्यात आले.

पहिला मार्ग अनेक कंप्रतांचा होय. मॅग्नेटाइटचा सापेक्ष प्रतिसाद कंप्रतेनुसार फारसा बदलत नाही, तर मिठाचा प्रतिसाद कंप्रतेच्या प्रमाणात वाढतो. दोन किंवा अधिक कंप्रता वापरून त्यांचे संकेत योग्य प्रमाणात एकमेकांतून वजा केल्यास मीठ व काळी वाळू या दोहोंचा परिणाम एकाच वेळी पुष्कळसा नाहीसा करता येतो. ५ व १५ किलोहर्ट्‌झ अशा दोन कंप्रता वापरणारे फिशर कंपनीचे शोधक व ऑस्ट्रेलियातील माइनलॅब कंपनीचे विस्तृत कंप्रतापट्ट्याचे शोधक १९९० नंतरच्या काही वर्षांत प्रचारात आले व किनाऱ्यावरील धातुशोधाचे स्वरूप त्यांनी पालटले. पुढे अंकीय संकेतसंस्करणामुळे ही पद्धत स्वस्त व हलक्या उपकरणांतही आली. तथापि पातळ सोन्याचा प्रतिसादही मिठाप्रमाणेच कंप्रतेबरोबर वाढत असल्याने वजाबाकीत त्याचाही काही अंश जातो. वर सांगितलेला पेच सौम्य होतो, सुटत नाही.

दुसरा मार्ग स्पंद प्रवर्तनाचा असून तो १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये पुरातत्त्वीय कामाच्या अनुषंगाने पुढे आला. यात वेटोळ्यातून अखंड प्रवाह न सोडता सेकंदाला शेकडो ते हजारो अल्पकालिक स्पंद सोडतात. स्पंद एकाएकी तोडला की, धातूत भोवरा प्रवाह उत्पन्न होतात व ते हळूहळू विरतात. तोडल्यानंतर सु. १० ते १५ मायक्रोसेकंद थांबून मग ग्राही मंडल उघडतात. तेवढ्या अवधीत खाऱ्या पाण्यातील प्रवाह विरून गेलेले असतात, पण अंगठीतील प्रवाह अजून चालू असतात. म्हणजे येथे मिठाशी झगडण्याऐवजी ते गप्प होईपर्यंत वाट पाहिली जाते. काळ्या वाळूचाही त्रास यात बराच कमी होतो. मात्र अतिशय पातळ साखळीतील प्रवाह मिठाइतक्याच त्वरेने विरतात, म्हणून तीही हातची जाते. याहून मोठी उणीव अशी की, या पद्धतीत लोखंड व इतर धातू यांतील भेद विश्वासार्हपणे कळत नाही. प्रत्येक खिळा, पत्रा व बाटलीचे झाकण खणून पाहावे लागते. विश्रांतीसाठी आलेल्यांनी कचरा टाकून ठेवलेल्या पुळणीवर हे काम कंटाळवाणे होते. निर्मनुष्य किनाऱ्यावर व पाण्याखाली मात्र स्पंद शोधकाला तोड नाही.

दोन दोलकांच्या कंप्रतांमधील फरक ऐकविणारे जुने स्वस्त शोधक ओल्या वाळूवर निरुपयोगी असतात. वेटोळे व ओली वाळू यांमध्ये विद्युत् धारित्रासारखा परिणाम घडतो व तेवढ्याने दोलकाची कंप्रता सरकते. आधुनिक वेटोळ्यांवर या परिणामाच्या प्रतिबंधासाठी ग्रॅफाइटाचा संवाहक लेप देतात.

वाळूतील धातूचे स्थान : उत्तम उपकरण हाती असूनही जागा चुकली तर काहीच मिळत नाही, जाणकार शोधक उपकरणाइतकेच लक्ष समुद्राकडे देतात. वाळूतील क्वॉर्ट्‌झची घनता २.६५, ॲल्युमिनियमची २.७, चांदीची १०.५, शिशाची ११.३ व शुद्ध सोन्याची १९.३ आहे. लाटांनी वाळू ढवळली की जड वस्तू खाली बसत जाते व चिकणमाती, शिंपल्यांचा थर किंवा खडक असा टणक तळ लागेपर्यंत उतरते. ॲल्युमिनियमचे तुकडे मात्र वाळूबरोबरच हिंडतात. समुद्र अशा रीतीने वस्तूंची घनतेनुसार वर्गवारी करतो. जेथे शिशाची मासेमारीची वजने सापडतात तेथे अंगठ्याही असण्याचा संभव अधिक, हा अनुभव यावरच आधारलेला आहे. याउलट कड्या व झाकणेच मिळत असतील, तर ती जागा सोडून पुढे जाणे बरे.

शांत हवामानात लाटा किनाऱ्यावर वाळूची भर घालतात व जुन्या वस्तू हाताच्या आवाक्याबाहेर जातात. वादळी लाटा तीच वाळू ओढून समुद्रातील दांड्यांवर नेऊन टाकतात. पुळणीला उभा काप पडतो आणि एरवी मीटरभर खाली असलेला थर उघडा होतो. कोकणात हे काम नैर्ऋत्य मोसमी पावसाळ्यातील खवळलेला समुद्र करतो व ऑक्टोबरनंतर वाळू क्रमाने परत येते. इझ्राएलमधील सिझेरिया बंदराजवळ २०१५ च्या फेब्रुवारीत असेच हिवाळी वादळाने उघड्या पडलेल्या समुद्रतळावर पाणबुड्यांना सोन्याची नाणी दिसली. प्रथम ती त्यांना खेळण्यातील वाटली. पाणबुड्यांनी कळविल्यावर तेथील पुरातत्त्व खात्याने धातुशोधक घेऊन तपास केला, तेव्हा फातिमी खलिफांच्या काळातील सु. २,००० नाणी मिळाली.

अलीकडे हरवलेले दागिने वेगळ्या ठिकाणी असतात. थंड पाण्याने बोटे आकसतात, अंगाला लावलेल्या तेलामुळे ती निसरडी होतात आणि लाटेच्या धक्क्याने अंगठी निसटते. म्हणून अंगठ्या बहुधा लोक जेथे डुंबतात त्या गुडघा ते छातीइतक्या पाण्यात पडतात, तर खिशातून सांडलेली नाणी लोक बसतात त्या कोरड्या वाळूत असतात.

शोधाची रीत : अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास उधाणाच्या भरतीबरोबर ओहोटीही खूप दूरवर जाते व एरवी पाण्याखाली असणारा भाग काही काळ उघडा पडतो, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या दिवसांत ही संधी नसते. ओहोटी लागल्यावर पाण्यामागोमाग खाली सरकत जाणे व भरती सुरू होताच माघारी वळणे ही नेहमीची रीत होय. खडकांनी दोन्ही बाजूंनी वेढलेल्या लहान पुळणींवर भरतीचे वेळापत्रक न पाहता शिरणे धोक्याचे आहे.

वाळूची ओल पाण्याच्या रेषेशी काटकोनात झपाट्याने बदलते, रेषेला समांतर मात्र ती जवळजवळ सारखी राहते. म्हणून वेटोळे किनाऱ्याला समांतर व वाळूपासून नेहमी सारख्याच उंचीवर फिरविले म्हणजे मिठाचा खोटा संकेत पुष्कळ कमी होतो. उपकरणाची जुळणी कोरड्या वाळूवर न करता प्रत्यक्ष शोधाच्या ओल्या वाळूवरच करावी लागते. संवेदनशीलता कमाल ठेवण्याचा मोह आवरणेही आवश्यक असते. कमी संवेदनशीलतेचे शांत उपकरण अखंड कुरकुरणाऱ्या उपकरणापेक्षा अधिक खोलवरचे दाखविते. खणण्यासाठी भोके पाडलेल्या पोलादी झाऱ्यासारखे हत्यार वापरतात. वाळू गळून जाते व वस्तू त्यात राहते. खड्डे बुजविणे हा शिष्टाचार आहेच, पण काही किनाऱ्यांवर खणणेच घातक असते. वेळास, आंजर्ले इ. कोकणातील पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या सु. ४५ सेंमी. खोल खड्ड्यात अंडी घालतात. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने या कासवांना संरक्षण दिलेले आहे. यूरोपातील काही किनाऱ्यांवर महायुद्धातील न फुटलेले तोफगोळे अजूनही सापडतात. संशयास्पद मोठ्या लोखंडी वस्तूला हात न लावता पोलिसांना कळविणे हाच योग्य मार्ग होय.

भारतातील शोधकाला आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. लोखंडाचे संकेत गाळून टाकणे ही परदेशी उपकरणांतील नेहमीची जुळणी आहे. परंतु भारतात १९८८ मध्ये १०, २५ व ५० पैशांची आणि १९९२ मध्ये एक रुपयाची स्टेनलेस पोलादाची नाणी प्रचारात आली. हे पोलाद चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचे असल्याने अशा जुळणीत ही नाणी खिळ्यांबरोबरच गाळली जाण्याचा संभव असतो. जुनी तांबे-निकेलाची नाणी मात्र वाजतात.

वस्तूंवरील परिणाम : खाऱ्या वाळूत सोने जसेच्या तसे राहते. चांदीवर सल्फाइड व क्लोराइड यांचा काळा-करडा थर चढतो व नाणे ओळखू येईनासे होते. तांबे व कासे हिरवी पडतात. लोखंड गंजून त्याभोवती वाळू व शिंपले यांचा दगडासारखा गोळा बनतो; जहाजाचा खिळा अशा गोळ्यात दडून राहतो व गोळा फोडल्यास पुष्कळदा आत केवळ खिळ्याच्या आकाराची पोकळी निघते. समुद्रातून काढलेली लोखंडी वस्तू वाळू दिल्यास आतील क्षारांचे स्फटिक बनून व गंज वाढून ती तडकते. त्यामुळे अशा वस्तू तज्ञाच्या हाती जाईपर्यंत पाण्यातच ठेवतात. घरच्या घरी घासूनपुसून चकचकीत केलेल्या नाण्याचे ऐतिहासिक व आर्थिक असे दोन्ही मूल्य घटते.

कायदा व पुरातत्त्व : सापडलेली वस्तू ही सापडणाऱ्याची, ही समजूत बहुतेक देशांत चुकीची आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या निधी अधिनियमानुसार, ३०० वर्षांहून जुनी व किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली नाण्याव्यतिरिक्त वस्तू मिळाल्यास १४ दिवसांत कळवावे लागते. नाण्यांच्या संचयालाही हा नियम लागू आहे. फुटलेल्या जहाजावरील वस्तूंसाठी वेगळा अधिकारी असून १९९५ च्या व्यापारी नौवहन अधिनियमान्वये त्याला २८ दिवसांत वर्दी द्यावी लागते. त्यामुळे एकाच पुळणीवर शेजारी-शेजारी मिळालेल्या दोन नाण्यांना, ती कोठून आली यानुसार, निरनिराळे कायदे लागू होऊ शकतात. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने ऐतिहासिक वस्तूंच्या शोधासाठी धातुशोधक वापरण्यास शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. फ्लॉरिडात अनेक सार्वजनिक पुळणींवर कोरड्या वाळूत शोध घेण्यास मोकळीक असली, तरी राज्याच्या मालकीच्या पाण्याखालील जमिनीतून पुरातन वस्तू काढून घेण्यास मनाई आहे.

भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम हा या विषयावरील मूळ कायदा होय. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळविणे त्याने बंधनकारक केले आहे. तो निधी बेवारशी ठरल्यास व जागेच्या मालकाने हक्क सांगितल्यास, अन्य करार नसेल तर, तीन-चतुर्थांश भाग सापडणाऱ्यास व एक-चतुर्थांश मालकास मिळतो. मात्र शासनास तो त्यातील द्रव्याची किंमत व तिचा एक-पंचमांश भाग एवढी रक्कम देऊन संपादन करता येतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर निर्बंध घातले. संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. किनाऱ्यावरील कित्येक जलदुर्गांच्या पायथ्याच्या पुळणी अशा परिसरात येतात.

पुरातत्त्वज्ञांचा धातुशोधाला असलेला आक्षेप प्रामुख्याने वस्तू तिच्या थरातून सुटी होण्याला आहे. नाणे कोणत्या थरात, कशाशेजारी व कोणत्या खोलीवर होते, ही माहिती एकदा खणल्यावर परत मिळत नाही. ओहोटीच्या वाळूत हा आक्षेप काहीसा सौम्य होतो, कारण तेथे लाटांनी थर आधीच विस्कटलेले असतात आणि उघडी पडलेली वस्तू उचलली नाही तर पुढच्या भरतीत ती पुन्हा गडप होण्याची शक्यता असते. भरतीरेषेवरील टेकाडांत मात्र तो पूर्ण जोराने लागू होतो. फ्लॉरिडातील १७१५ ची छावणी अशाच टेकाडावर होती व तेथे आता संग्रहालय आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुवाह्य पुरावस्तू योजनेत छांदिष्टांनी स्वेच्छेने कळविलेल्या वस्तूंची स्थळासह नोंद केली जाते व वस्तू सामान्यतः मालकाला परत दिली जाते. या योजनेखाली दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली असून त्यांतील बहुसंख्य वस्तू धातुशोधकांच्या साहाय्याने मिळालेल्या आहेत.